राजमातेच्या पार्टीत मी एकटी

“हाव, ऐका समद्यांनी. आज सकाळच्याला पालकाचं गरगटं, जवारीची भाकर, शेंगाची चटणी. संध्याकाळी दोडका, वरणभात. दोडका म्हनलं की नाकं मुरडायची न्हाईत. आन् दुसरी गोष्ट. काल राजमातेनं त्या मृगनयनीला मुद्रा दिली न्हाई, ते शंभर टक्के बरोबर केलं. लग्न होऊन चार वर्षं झाली न्हाईत आन् चालली राज्य करायला. मुद्रा म्हंजे काय मिठाचा डबा हाय का, कुणीबी यावं न् उचलावा?”

एवढं बोलून मी मोबाइल ओट्यावर ठेवला. आमच्या मेसचा ग्रुप आहे. डॉक्टरकीच्या शिकवणीला आलेल्या साठ पोरी, त्यांचे आईबाप, कुणाकुणाच्या आज्या, सगळे धरून दोनशे माणसं होतात. रोज सकाळी मी त्यात जेवणाचं बोलून टाकते, म्हणजे कोणत्या पोरीला काय आवडत नाही ते आधीच कळतं आणि ताटात वाया जात नाही. जेवणापुढं मालिकेचं बोलायचं असं काही ठरलेलं नव्हतं. पण आदल्या दिवशीचा भाग पोटात तसाच पडून राहतो. बोलल्याशिवाय मला पचत नाही.

मालिकेचं नाव ‘वारिस नीलमगढ का’. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी आठ वाजता. शिकवणीतून आलेल्या पोरी त्याच वेळी जेवायला बसतात, त्यामुळे मेसच्या हॉलमधला टीव्ही लागतोच. नीलमगढचा राजा मेला आहे. राजमाता त्रिलोचना राजमुद्रा कमरेला बांधून बसली आहे. सून मृगनयनी म्हणते, मुद्रा मला द्या. महामंत्री कालकेतू दोघींच्या कानाला लागतो. आणि नीला नावाची एक पंखवाली वाघीण आहे, ती खऱ्या वारसाच्या पायाशी बसणार असं पहिल्या भागापासून सांगतात, पण दोनशे भाग झाले तरी ती नुसती उडतेच आहे.

साठच्या साठ पोरी मृगनयनीच्या पार्टीत. राजमातेच्या पार्टीत मी एकटी. आमचे हे, शेषेराव, वाघिणीच्या पार्टीत. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे राजकारणात पडत नाहीत.

“मावशी, तुमची राजमाता आता मरणार बघा,” बिलोलीची उर्वी म्हणायची. तिच्या शेजारी नांदेडची इरा, ती तर ताट वाजवायची, “मुद्रा दो! मुद्रा दो!”

“मरू दे की. मुद्रा घेऊन मरंल. तू आधी ताटातला दोडका संपव.”

तर त्या सकाळी मोबाइल ठेवून दहा मिनिटं झाली नसतील, तोच तो वाजला. मी कान लावला. उदगीरहून केवळाबाई. केवळाबाई म्हणजे माझी विहीण, आमच्या उज्वलाची आई. लेक रोज काय रांधते ते ऐकायला मिळावं म्हणून उज्वलानं तिला ग्रुपात घेतली होती. मला विचारून नाही.

“राम राम ईनबाई. दोडका चांगला, तब्येतीला बरा. पन मृगनयनीला चार वर्षं कमी म्हन्ता तुमी? चार राहू द्या, चोवीस झाले तरी काई काई जाग्याला न्हाईत देत म्हनं लोक. आमी आपलं शिरेलीचं बोलून राहिलो बरं का.”

शिरेलीचं, म्हणे मालिकेचं! लातूर, नांदेड, रेणापूर, दोनशे मोबाइलांत ते वाजलं. उज्वला चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही. तिच्या थापण्याचा आवाज मात्र जरा जोरात झाला.

उज्वलाला या घरात येऊन चोवीस वर्षं झाली. बी.ए. झालेली आहे, हाताला चव आहे, कामाला वाघ आहे. फक्त तोंडाला कुलूप. बोलायचं काम तिनं आईवर सोपवलेलं. माझा लेक व्यंकटी पंचायत समितीत आहे, तो दोघींच्या मध्ये सापडला की लगेच कुठल्या तरी गावाच्या दौऱ्यावर जातो.

आता केवळाबाईला टोचत होतं ते काय, हे मला पक्कं ठाऊक होतं. मुद्रेचं नाही. आमच्या लक्ष्म्यांचं.

आमच्याकडं भादव्यात महालक्ष्म्या बसतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, थोरली आणि धाकटी. पितळेचे मुखवटे आहेत, चार पिढ्यांचे. त्यांना दारातून वाजतगाजत आत आणायचं, धड म्हणून असतात त्या लोखंडी कोठ्यांना साड्या नेसवायच्या, आणि त्यावर मुखवटे बसवायचे. पुरण उज्वला वाटते, सोळा भाज्या ती करते, फुलोरा ती तळते. मुखवट्यांना हात मात्र घरात एकच लागतो, आणि तो माझा. ज्या बाईच्या हातानं लक्ष्म्या बसतात, घर तिचं. सात-बारावर कुणाचंही नाव असू द्या. हे केवळाबाईच्या उदगीरमध्ये तसंच आहे, म्हणून तर तिला टोचत होतं. तिनं स्वतःच्या सुनेला केव्हाच देऊन टाकल्या होत्या, आणि हे ती मला दर संक्रांतीला न विचारता सांगायची.

उज्वला दरवर्षी एकदाच विचारायची. “आत्या, एक तरी मी बसवू का औंदा?”

मी म्हणायची, “पुढच्या साली बघू.”

मी काही दुष्ट बाई नाही. पण ते मुखवटे मला कुणी दिलेले नाहीत. आमचं गाव भूकंपात गेलं. लक्ष्म्या उठून आठ दिवस झाले होते, मुखवटे पुसून पेटीत ठेवले होते, आणि गणपती बुडवून आलेल्या रात्रीच्या पहाटे घर बसलं. सासूसासरे दोघंही आत राहिले. त्या भादव्यात मीही सासूला विचारलं होतं, एक तरी मी बसवू का म्हणून. नागुबाई नाव होतं तिचं, माझ्याहून जहाल. ती म्हणाली होती, “पुढच्या साली बघू.” बाराव्या दिवशी दगड उचलणाऱ्या जवानांच्या मागं उभी राहून मी ती पेटी ओळखली आणि माझ्या हातानं ओढून काढली. धाकटीच्या गालाला पोचा पडलेला. पत्र्याच्या शेडात पुढच्या साली मीच त्या बसवल्या, कुणाला न विचारता, विचारायला कुणी नव्हतंच. मग लातूरला आलो, चार पोरांना डबे दिले, शिकवण्या वाढल्या, पोरं वाढली, पोरी आल्या, घर तीन मजले झालं. अठ्ठावीस वेळा बसवल्या मी.

एकोणतिसाव्याची मला धास्ती होती. कारण माझा उजवा हात थरथरायला लागला होता.

मागच्या साली थोरली बसवताना मुखवटा कोठीवर दोनदा घसरला. कुणी पाहिलं नाही असं मी धरून चालले. यंदा तर वाटी उचलली की वरण किनाऱ्याला यायचं. घरात साठ होणाऱ्या डॉक्टर, आणि मी हात पदराखाली घेऊन हिंडत होते. डॉक्टरकडं गेले असते तर व्यंकटीला कळलं असतं. व्यंकटीला कळलं की उज्वलाला. उज्वलाला कळलं की उदगीरला. आणि उदगीरला कळलं की ग्रुपात.

त्यातच मालिकेवाल्यांनी काय करावं? राजमातेला दिसेनासं झालं! आंधळी झाली ती, आणि कुणाला सांगेना. कालकेतू कागद पुढं करतो, ती चाचपून मुद्रा उठवते.

“आता तरी द्या म्हणावं मुद्रा,” इरा म्हणाली. “आंधळ्या बाईनं राज्य करायचं म्हणजे काय?”

“डोळे गेले म्हनून अक्कल गेली का?” मी म्हणाले. “तिला आवाजावरून कळतं समदं.”

“कळत असतं तर कालकेतूच्या कागदावर शिक्का मारला असता का, मावशी?”

मी म्हणाले, “भात घे अजून.” उज्वला वरण वाढत होती, ती माझ्याकडं पाहून पटकन दुसरीकडं वळली.

दुसऱ्या सकाळी मी ग्रुपात राजमातेची बाजू चांगली चार मिनिटं मांडली. केवळाबाईनं पाच मिनिटं खोडून काढली. “ईनबाई, दिसत न्हाई तर न्हाई म्हनावं. त्यात लाज कशाची? सून काय शत्रू हाय का?” रेणापूरच्या एका पालकानं मधेच लिहिलं, की मुलीची सराव परीक्षा आहे, ग्रुपात फक्त जेवणाचं बोलावं. त्याच्या बायकोनं त्याच्याच मोबाइलवरून लगेच आवाज पाठवला, “बोला हो मावशी, आमी ऐकून राहिलो.”

चांगली रंगली होती लढाई. मग लक्ष्म्या यायच्या पाच दिवस आधी सगळं एकदम थंड पडलं.

झालं काय ते मला चार दिवस कळलं नाही. दिसत एवढंच होतं, की लोक माझ्याशी गोड वागायला लागले. पोरी आपापली ताटं आपण घासायला ठेवू लागल्या. पाण्याचा जग उचलायला गेले की दोघी धावत यायच्या. गिरणीवाला गुरुपादप्पा, जो दळण घेऊन जिन्याच्या पायरीवरच टाकून जातो आणि वरून माझ्याशी हुज्जत घालतो, तो पीठ आत आणून डब्यात ओतून गेला. व्यंकटी दौऱ्यावर जाईना. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे केवळाबाई भांडेना.

मी मुद्दाम खोडी काढली. म्हणाले, मृगनयनीच्या माहेरच्यांनीच तिला फितवलंय, तिच्या आईचंच हे काम दिसतंय. यावर उदगीरहून स्फोट व्हायला हवा होता. आलं काय, तर, “बरोबर असंल ईनबाई तुमचं. तब्येतीला जपा.”

माझं बरोबर असेल असं ही बाई म्हणते म्हणजे मी तरी मरायला टेकले, नाहीतर ती तरी.

मी उर्वीला जिन्यात गाठलं. “खरं सांग गं. काय झालंय? हार घातलेला माझा फोटो टाकलाय का कुणी?”

“काही नाही, मावशी.”

“उर्वे, उद्यापासून सलग आठ दिवस दोडका.”

ती रडवेली झाली. तिनं आपला मोबाइल काढला. “तुम्हाला बोट दाबून धरायला जमेना, म्हणून मी तुम्हाला ते वर सरकवायचं शिकवलं होतं ना? त्यानं बोट सोडलं तरी आवाज भरत राहतो. त्या दिवशी तुम्ही जेवणाचं सांगितलं, पण बंद नाही केलं. पंधरा मिनिटांनी पाठवलं.”

“मग?”

“त्या पंधरा मिनिटांत तुम्ही मोबाइलसकट देवघरात होता.”

तिनं वाजवलं. आधी माझंच, मेथीची भाजी, कढी, धपाटे. मग पायऱ्या उतरल्याचा आवाज, पेटीची कडी. मी चिंच लावून मुखवटे घासत होते त्या दिवशी. मग टण्णकन काहीतरी फरशीवर पडलं. आणि माझा आवाज. इतका बारीक, की मला वाटलं दुसरीच कुणी बाई आहे.

“थांब की गं. थांब की मेल्या हाता. पाच दिस तरी गप बस. लक्ष्म्या उचलायच्या हायत तुला… पडली का? लागलं का गं बाई? आता उज्वलानं बगितलं तर काय तोंड दाखवू मी… अन् देऊ म्हनलं तरी कशा द्यायच्या? मला कुनी दिल्या व्हत्या का? मला कुनी शिकवलं का द्यायचं?”

नंतर नाक शिंकरल्याचा आवाज होता, तोही सगळा आला होता.

“किती जनांनी ऐकलं?”

“समोर निळी खूण येते, मावशी. एकशे नव्वद.”

“उरलेल्या दहांनी काऊन न्हाई ऐकलं?” मी विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून. मग मी तिथंच जिन्यात बसले. उर्वीपण बसली. ती म्हणाली, “मावशी, हात पुढं करा बरं.” मी केला. तिनं पाहिला, बोटं उघडायला लावली, मिटायला लावली, आणि इराला हाक मारली. दोघींनी पुस्तकातली दोन-तीन नावं एकमेकींना सांगितली, त्यावरून भांडल्या, आणि मग दोघीच मला कोपऱ्यावरच्या खऱ्या डॉक्टरकडं घेऊन गेल्या. तो म्हणाला, वयाचा कंप आहे, गोळी घ्या, कमी होईल, जाणार नाही. फी घेताना तो हळूच म्हणाला, “आमच्या घरीही सगळे बघतात नीलमगढ. तुमचं बोलणं मिसेस ऐकवते मला.” डॉक्टरच्या पोरीला दोन वर्षं आमच्या मेसचा डबा गेलेला मला आठवला, तिची आई अजून ग्रुपात होती. म्हणजे त्यानंही ऐकलं होतं. तपासायच्या आधीच त्याला सगळं ठाऊक होतं.

घरी आले. उज्वला मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले.

“तू ऐकलंस?”

“हाव.”

“कवा?”

“पयल्या दिशीच.” मग एक काडी खुडून, “पन हाताचं मला मागच्या सालीच ठावं व्हतं. थोरली दोन डाव घसरली न्हवं.”

“मग बोलली काऊन न्हाईस?”

“तुमी पदराखाली घेतला व्हता. मी कशाला काढू?”

मला राग आला. खरंच राग आला. एक वर्ष ही बाई माझं झाकून राहिली होती आणि मी तिच्यापासून लपवत राहिले होते. मी मेथीची जुडी ओढून घेतली आणि निवडायला लागले. माझ्या हातून देठंही पाटीत पडायला लागली. ती मुकाट्यानं वेचून बाजूला टाकत होती.

त्या संध्याकाळी, म्हणजे लक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी, मालिकेचा शेवटचा भाग होता.

हॉल भरला होता. गल्लीतल्या बायका आल्या होत्या, गुरुपादप्पा पिठाचा हात घेऊन दारात उभा. राजमाता दरबारात आली. मृगनयनी आली. दोघींचं तोंडातोंडी झालं, राजमाता म्हणाली जीव जाईल पण मुद्रा देणार नाही, मृगनयनी म्हणाली जीव घेईन पण मुद्रा घेईन. तेवढ्यात कालकेतूनं दरबाराला आग लावली. राजमाता जळाली. मृगनयनी जळाली. कालकेतू खांबाखाली सापडला. धूर, धूर, धूर. आणि धुरातून ती नीला उडत आली, सिंहासनावर उतरली, पंख मिटले, आणि पुढचे पंजे जोडून बसली. खाली प्रजेनं गुडघे टेकले. समाप्त.

मग शेषेरावांनी टाळी वाजवली. “बगा! म्या म्हनलं न्हवतं?”

मग जो गोंधळ झाला! इरा म्हणाली, दोनशे वीस भाग, मावशी, दोनशे वीस, मी जीवशास्त्राचं वाचन सोडून पाहिले. उर्वी रडत होती. गुरुपादप्पा म्हणाला, वाघीण सही कशी करणार? ग्रुपात तर आग लागली. बिलोली, रेणापूर, औसा, जिकडून तिकडून आवाज. रेणापूरचा तो सराव परीक्षावाला बाप, त्यानं स्वतःच्या आवाजात अडीच मिनिटं शिव्या दिल्या लिहिणाऱ्याला. आणि माझा मोबाइल वाजला. ग्रुपात नव्हे, सरळ मला. केवळाबाई. पोरांच्या लग्नानंतर पहिल्यांदा तिनं मला सरळ फोन केला असेल.

“ईनबाई!” ती ओरडत होती. “जनावर? गादीवर जनावर?”

“मानसं मेली व्हती का नीलमगढातली?” मी ओरडले.

“म्या म्हन्ते तुमच्या त्या आंधळीला द्यायची व्हती! चालली असती! पन जनावर?”

“म्या म्हन्ते मृगनयनीला द्यायची! आगाव व्हती, पन रांधून तर घातलं असतं प्रजेला!”

“व्हय की!”

“हाव की!”

दोघींना धाप लागली. माझ्या हातात मोबाइल थरथरत होता, पण ते रागानं असेल. मग केवळाबाई एकदम हळू आवाजात म्हणाली, “ईनबाई, गोळी चालू केली का?”

“केली.”

“माझ्या सुनेला लक्ष्म्या दिल्या तवा मी तीन दिस जेवले न्हाई,” ती म्हणाली. “संक्रांतीला सांगते त्यात तेवढं सांगायचं राहतं.” आणि तिनं फोन ठेवला.

सकाळी मी अंघोळ करून देवघरात बसले. मुखवटे पाटावर होते. बराच वेळ बसले. मग हाक मारली.

“उज्वला, हात धुऊन ये. नीट धू, कांद्याचा वास ऱ्हातो तुझ्या हाताला.”

ती आली. चुलीवर डाळ शिजत होती, तिचं अर्धं लक्ष तिकडं. मी तिला समोर बसवलं आणि थोरलीचा मुखवटा उचलला. दोन्ही हातांनी. पितळ माझ्या बोटांवर वाजत होतं, मी वाजू दिलं. तिच्या मांडीत ठेवला. मग धाकटीचा ठेवला.

“धाकटीच्या गालाला पोचा हाय. हळदीचं बोट तिथं जरा जाड वढायचं, म्हंजे दिसत न्हाई.”

“ठावं हाय.”

“कसं ठावं?”

“चोवीस वर्षं बगून राहिले न्हवं.”

“कोठीवर बसवताना सरळ दाबायचं न्हाई. जरा उजवीकडं फिरवायचं, मग बसती.”

ती मुखवट्यांकडं पाहत होती. हात लावला नव्हता. तिचे डोळे भरले होते आणि मला ते आवडलं नाही, कारण माझे भरायचे होते. ती म्हणाली, “आत्या, औंदा तुमीच बसवा. गोळीनं बरं वाटंल. मी खालून कोठी धरते, कुनाला दिसनार न्हाई. पुढच्या साली बघू.”

तिनं ते प्रेमानं म्हटलं होतं, पण मला नागुबाईचा आवाज ऐकू आला, पत्र्याच्या शेडाच्याही आधीचा.

“ते या घरात पुन्यांदा बोलायचं न्हाई,” मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले. “कुनीच. तुझ्या सुनेलाबी सांगून ठेव.”

“सून कुठं हाय अजून, आत्या.”

“यील तवा सांग. आन् उठ, डाळ लागंल बुडाला.”

डाळ लागलीच होती थोडी. वास आला. मी काही बोलले नाही, म्हणजे बोलले, पण नेहमीपेक्षा कमी.

त्या दिवशी मी ग्रुपात जेवणाचं सांगितलं नाही. उज्वलाला म्हणाले, तू सांग. तिनं मोबाइल तोंडापुढं धरला आणि एवढंच म्हणाली, “आज साधी खिचडी. लक्ष्म्या येनार हायत. जेवायला उद्या समद्यांनी या.” दहा सेकंद. मला वाटलं, हिचं कसं होणार.

संध्याकाळी सहा वाजता दारात रांगोळीची पावलं काढली. पोरींनी शिकवणी बुडवली, मी रागावले, त्या हलल्या नाहीत. रीत अशी, की लक्ष्म्या आणणारी बाई फाटकातून मुखवटे सुपात घेऊन येते, पुढं कुणी ताटलीवर पळी वाजवतं, आणि दाराच्या आत उभी राहिलेली बाई विचारते, लक्ष्मी कशाच्या पावलानं आली? बाहेरची सांगते, सोन्याच्या पावलानं. अठ्ठावीस वर्षं मी बाहेर असायची. उज्वला आल्यापासून आत ती असायची. मी गल्लीला ऐकू जाईल असं सांगायची.

आज मी आत उभी राहिले. दारातून फाटक दिसत होतं. उज्वला हिरव्या साडीत, सूप छातीशी धरून, पुढं व्यंकटी ताटली घेऊन, त्यालाही कुणी तरी पकडून आणलं होतं. शेषेराव ओट्यावर. पोरी दोन्ही बाजूंनी मोबाइल वर धरून. इतक्या वर्षांत मी आतून हे कधी पाहिलंच नव्हतं. बरं दिसतं आतून.

उज्वला पावलं मोजत आली. उंबऱ्यापाशी थांबली. सगळे माझ्याकडं पाहायला लागले.

मी विचारायचं असतं हेच लक्षात नव्हतं. आयुष्यभर उत्तर दिलेलं.

“मावशी, विचारा की,” उर्वी हळूच म्हणाली.

मी घसा साफ केला. “लक्ष्मी कशाच्या पावलानं आली?”

“सोन्याच्या पावलानं,” उज्वला म्हणाली. सुपातल्या तांदळालासुद्धा ऐकू गेलं नसेल.

“हे काय बोलनं झालं?” मी म्हणाले. “गल्लीला कळलं पायजे. मोठ्यानं बोल. पुन्यांदा. लक्ष्मी कशाच्या पावलानं आली?”

“सोन्याच्या पावलानं!”

गुरुपादप्पाच्या गिरणीचा पट्टा चालू होता, त्याच्यावरून गेला आवाज. चोवीस वर्षांत तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. मी पाहतच राहिले. सूप तिच्या हातात अजिबात हलत नव्हतं. ती उंबऱ्याबाहेर उभी, मी आत, दाराच्या मधोमध. तिनं माझ्या पायांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“आत्या,” ती म्हणाली, “जरा सरका की.”

मी सरकले. भिंतीला लागून उभी राहिले, आणि पदर आवरून घेतला.